हे स्वतः वेचतात का?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, अलाबामात आले होते आणि सेल्माहून मॉन्टगोमेरीकडे जाताना हायवे ८० वर ते एकदम म्हणाले, थांबव बरं गाडी. मला वाटलं लघवीला जायचं असेल, या वयात ते चालायचंच, म्हणून गाडी कडेला घेतली, हॅझर्ड लाइट लावले, तोवर बाबा दार उघडून उतारावरून खाली पोचलेसुद्धा. तिथे तारेचं कुंपण, पलीकडे गुरं चरतायत, आणि अलीकडे कुणीतरी नुकतीच नाली खोदून ठेवलेली. बाबा तिच्या काठावर उकिडवे बसले, एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं आणि नाकाशी नेलं. "हे तं आपल्या वावरातली माती हाय वो." मी म्हणलं बाबा चला, कुणाची तरी जमीन आहे, इथे असं शिरत नाहीत. तेवढ्यात मागे एक जुना पिकअप येऊन थांबला. आतून एक म्हातारे ब्लॅक गृहस्थ उतरले, पंच्याहत्तर तरी नक्की असतील, डोक्यावर कॅप, चाल अगदी सावकाश. सगळं ठीक ना, गाडी बंद पडली का, असं विचारायला थांबले होते. मी म्हणलं नाही सर, हे माझे वडील, इंडियातून आलेत, कापसाचे शेतकरी आहेत आणि इथली माती त्यांना घरच्यासारखी वाटतेय. ते बाबांकडे बघत राहिले. मग स्वतःचे दोन्ही हात वर धरून आधी मागची बाजू दाखवली, मग तळवे, आणि म्हणाले, मी सोळा वर्षांचा होईपर्यंत वेचलाय कापूस, आता पुन्हा डोळ्यांनी नाही दिसला तरी चालेल. आणि मग अगदी सहज, त्यात टोमणा वगैरे काही नाही, त्यांनी विचारलं, हे स्वतः वेचतात का?

मी म्हणलं, येस सर.

बाबांनी विचारलं काय म्हणते तो, तर त्यांना सांगितलं, म्हणतात जमीन चांगली आहे इकडची. बाबा खूश झाले, मान डोलावली, हात जोडले. गृहस्थांनी कॅपला हात लावला, गॉड ब्लेस म्हणाले आणि गेले. दोन वाक्यं, आणि दोन्हीकडे मी खोटं बोलले, तेही न अडखळता. पुढे अर्धा तास मी गाडी चालवत होते आणि बाबा रुमालात बांधलेल्या त्या ढेकळाबद्दल बोलत होते.

आम्ही राहतो हंट्सव्हिलला, म्हणजे अलाबामाच्या अगदी वरच्या टोकाला. इथे रॉकेटं बनतात. चंद्रावर माणूस घेऊन गेलेलं सॅटर्न ५ इथल्या मार्शल सेंटरमध्ये डिझाइन झालं, आणि त्याची उभी प्रतिकृती हायवेवरून लांबूनच दिसते, आपल्याकडे देवळाचा कळस दिसतो तशी. त्यामुळे इथे इंजिनियर, पीएचडी, तेलुगू, मराठी, गणपती, ढोलपथक असं सगळं आहे आणि पुण्यातल्या मैत्रिणी 'अलाबामा? अरे बापरे' म्हणतात तेव्हा मी थोडी दुखावतेच. पण आमची कॉलनी ज्या जमिनीवर आहे ती सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत कापसाचं शेत होती. राहायला आलो त्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात कुंपणाला लागून एक पऱ्हाटी आपोआप उगवली होती, मी ओळखली आणि उपटली नाही, तिला चार बोंडं लागली. इथली माती मात्र लाल. म्हणून बाबा आल्यापासून जरा नाराजच होते, लाल मातीत कसला आलाय कापूस म्हणायचे. शेजारच्या काउंटीत मैलोन्मैल पांढरं झालेलं शेत दाखवलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, "यात एकबी माणूस नाही दिसून राहिला." खरंच नव्हता. एक भलंमोठं हिरवं मशीन होतं आणि त्यानं मागे टाकलेल्या पिवळ्या प्लास्टिकमधल्या गोल गठाणी.

काळी माती लागते ती मध्य अलाबामात. त्या पट्ट्याला ब्लॅक बेल्टच म्हणतात, आणि हे नाव आधी मातीवरूनच पडलं. पुढे ते माणसांना चिकटलं, कारण जिथे माती सगळ्यात चांगली तिथेच सगळ्यात जास्त गुलाम आणून ठेवलेले. ब्लॅक शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टननं हे दोन्ही अर्थ लिहून ठेवलेत. आपली काळी माती बसाल्टची, इथली खडूच्या थरावरची, पण गुण तेच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात चप्पल सोडत नाही. गावाकडे घर बांधताना ही माती काढून मुरूम भरतात, नाहीतर भिंती तडकतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. इथे लाउंड्स काउंटीत हीच माती लोकांच्या जिवाशी आलीय. पाणी मुरत नाही म्हणून साधी सेप्टिक टँक चालत नाही, खास प्रकारची बसवायची तर गरिबाच्या ऐपतीबाहेरची, मग कित्येक घरांचं सांडपाणी एका पाइपातून सरळ मागच्या अंगणात. आणि हे त्याच राज्यात, जिथे माणसाला चंद्रावर पोचवायचं रॉकेट बनलं. बाबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मग आपल्याकडं काय वेगळं हाय.

आपलं आणि यांचं नातं तसं जुनं आहे, कुणी फारसं बोलत नाही एवढंच. १८६१ ला इथे यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि एकदम सगळ्यांना वऱ्हाड आठवलं. भाव असे चढले की मुंबईत शेअरचा सट्टा पेटला, आणि १८६५ ला इथली लढाई थांबल्यावर तो सगळा फुगा फुटून भले भले बुडाले. आमच्याकडे खामगाव-अमरावतीला रेल्वेचे फाटे आले ते कापसासाठीच. म्हणजे इथली माणसं स्वातंत्र्यासाठी मरत होती त्या चार वर्षांत आमच्याकडे कुणाच्या तरी वाड्यावर माडी चढत होती. आमचा वाडा एवढा जुना नाही, पण पंधरा एकर आहे, आणि आजोबा नेहमी म्हणायचे की ही जमीन कापसानं दिली.

अलाबामा कसं आहे असं कुणी विचारलं की मी गोंधळते. इथे अनोळखी माणूसही हात हलवल्याशिवाय पुढे जात नाही. पहिल्या भेटीत दोन प्रश्न ठरलेले, चर्च कुठलं आणि टीम कुठली. चर्चच्या प्रश्नाला आम्ही हिंदू आहोत म्हणलं की एक क्षण शांतता, मग 'वेल, यू आर वेलकम एनीटाइम', आणि ते मनापासून असतं. टीमच्या प्रश्नाला मात्र सुटका नाही. अलाबामा की ऑबर्न, म्हणजे इथल्या दोन युनिव्हर्सिटींच्या फुटबॉल टीम, त्यातलं एक काहीतरी निवडावंच लागतं, आणि हे हलक्यात घ्यायचं काम नाही. २०१० च्या मॅचनंतर अलाबामाच्या एका फॅननं ऑबर्नच्या चौकातल्या जुन्या ओक झाडांना विष घातलं होतं, झाडं मेली, माणूस तुरुंगात गेला. मुलं शेजारणीला 'मिस' लावून पहिल्या नावानं हाक मारतात, आपलं काकू-मावशी असतं तसंच. तळलेली भेंडी मिळते. आणि रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडात मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा! न्यू जर्सीत पाच वर्षं राहिले, तिथे कुणाला हे माहीतही नव्हतं. बाबांनी पहिली शेंग सोलून तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

पण याच राज्यात १९९३ पासून सरकारी शाळांत योगावर बंदी होती. २०२१ ला उठवली ती कशी, तर आसनांची नावं इंग्रजीतच घ्यायची, 'नमस्ते' म्हणायचं नाही, आणि आईवडिलांची लेखी परवानगी हवी. माझी मुलगी ताडासन करून त्याला माउंटन पोझ म्हणते. जानेवारीत मार्टिन ल्युथर किंगच्या जयंतीची सुट्टी असते, तीच राज्याच्या कागदावर गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या जनरल लीच्या जयंतीचीही असते. एकाच सोमवारी दोघं. आमच्या ऑफिसात या सुट्टीचं नाव कुणी घेतच नाही, 'लाँग वीकेंड' म्हणतात.

बाबा पहाटे उठून फिरायला जाणारे. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या स्वेटरच्या खिशात एक चिठ्ठी घातली, आमचा पत्ता, फोन, 'माझे वडील पाहुणे आहेत, त्यांना इंग्रजी कमी समजतं'. बाबा हसले, मी काय हरवलेलं पोर हाय का. मी कारण सांगितलं नाही. २०१५ ला इथून जवळच मॅडिसनमध्ये मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा असेच सकाळी फिरत होते, कुणीतरी संशयानं पोलिसांना फोन केला, प्रश्न कळेनात, आणि पोलिसानं त्यांना असं जमिनीवर आपटलं की लुळेच पडले. ती चिठ्ठी मी रोज तपासायचे. आणि मग एका संध्याकाळी टोर्नॅडोचा भोंगा वाजला. टीव्हीवर ते हवामानवाले जेम्स स्पॅन कोट काढून गॅलसमध्ये उभे होते, इथे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, कोट उतरला म्हणजे प्रकरण गंभीर. मी ऑफिसात अडकले होते, नवरा टूरवर. घरी फोन लावते तर उचलत नाहीत. शेवटी कळलं की पलीकडच्या गोऱ्या काकू, ज्यांच्या अंगणातला निवडणुकीचा बोर्ड बघून मी वर्षभर त्यांच्याशी मोजकंच बोलत होते, त्या पावसात धावत येऊन बाबांना आणि मुलीला आपल्या गॅरेजच्या शेल्टरमध्ये घेऊन गेल्या. बाबांच्या डोक्यावर त्यांच्या नातवाचं फुटबॉल हेल्मेट घातलं होतं. त्या फोटोत बाबा हसतायत. चिठ्ठी खिशातच असणार तेव्हाही.

आता या दोन गोष्टी मी एकाच वाक्यात कशा बसवू?

सेल्माला जायचं कारण मी होते, टस्कीगीला जायचं कारण बाबा. सेल्माचा तो पूल मधे उंच आहे, कमानीसारखा, चढाच्या माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेले सहाशे लोक असेच चढत गेले आणि वर आल्यावर त्यांना खाली उभे पोलीस दिसले. त्यांना बदडून काढलं. पुलाच्या लोखंडावर अजून मोठ्या अक्षरात ज्याचं नाव आहे तो एडमंड पेटस म्हणजे गुलामगिरीवाल्यांचा सेनापती आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीचा म्होरक्या. बाबा कठडा धरून हळूहळू चालले, खाली नदी गढूळ, गावात दुकानांच्या काचांना फळ्या ठोकलेल्या, २०२३ च्या जानेवारीत टोर्नॅडोनं गावाचं केलेलं वाटोळं अजून जागोजागी दिसत होतं. 'एवढं प्रसिद्ध गाव आन् असं?' एवढंच बोलले.

पुढे लाउंड्समध्ये रस्त्याकडेलाच एक छोटं म्युझियम आहे. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून मालकांनी ज्या बटाईदारांना झोपड्यांतून हाकललं ते तिथे तंबू टाकून राहिले होते, त्याच जागेवर. १९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत शंभरातले ऐंशी लोक ब्लॅक होते आणि मतदार यादीत त्यातला एकही नव्हता. नंतर त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. इथे मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागायचं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, अगदी आपल्यासारखं. सत्तेतल्या पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा होतं, म्हणून यांनी घेतला काळा बिबट्या, तोच पँथर. तो पँथर पुढे कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाकडे गेला, जगभर गेला, आणि १९७२ ला मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्याकडे आला. मी कॉलेजात असताना दलित पँथरवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय, पण तो पँथर मुळात या असल्या चिखलातून, कापूस वेचणाऱ्यांच्या मतपत्रिकेवरून निघालाय हे मला त्या म्युझियमच्या काचेसमोर कळलं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "फुल्यांनी तं त्याच्याबी आधी लिहिलं व्हतं." हो, १८७३ ची 'गुलामगिरी' फुल्यांनी अर्पणच केलीय अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी गुलामांना सोडवलं. बाबा दर वर्षी शाळेत ११ एप्रिलला हे सांगायचे. माती दिसली ती या म्युझियममधून निघाल्यावर, पाचच मिनिटांनी.

मॉन्टगोमेरीच्या लेगसी म्युझियममध्ये एक भिंत आहे, फळ्यांवर काचेच्या बरण्याच बरण्या, लोणच्याच्या असतात तेवढ्या. प्रत्येकीत माती. जिथे जिथे जमावानं कुणाला ठार मारलं तिथून आणलेली, बरणीवर माणसाचं नाव, गाव, तारीख. लाल, पिवळट, तपकिरी, राखाडी आणि अधूनमधून काळीकुट्ट. लांबून बघितलं तर सुंदर दिसतं, आणि सुंदर दिसतंय याचीच लाज वाटते. बाबा काळ्या बरण्यांसमोर थांबले. रुमाल त्यांच्या खिशात होता, मला फुगवटा दिसत होता. बाहेर आल्यावर पार्किंगमधल्या झाडाच्या बुंध्याशी त्यांनी तो सोडला आणि माती झटकली. का ते मी विचारलं नाही. तसंही विमानतळावर नेऊ दिली नसती.

दुसऱ्या दिवशी टस्कीगीला शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या समाधीपुढे बाबांनी बूट काढले. आपल्याकडे कार्व्हर घरातला माणूस आहे, 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गंमत म्हणजे माझ्या ऑफिसातल्या इथल्या लोकांना तो 'पीनट बटरवाला' एवढाच माहीत, आणि पीनट बटर तर त्यानं शोधलंही नव्हतं. १८९६ ला तो इथे आला तेव्हा कापसानं माती पार पिळून निघालेली होती, त्यानं शेंगा लावा, चवळी लावा, रताळी लावा म्हणून घोडागाडीतून शेतीशाळा गावोगाव पाठवली. नंतर बोंडात शिरणारा भुंगा आला, कापूस बसला आणि लोक खरंच शेंगांकडे वळले. दक्षिणेतल्या एंटरप्राइज नावाच्या गावानं तर १९१९ ला त्या भुंग्याचंच स्मारक उभारलं, तुझ्यामुळे आमचं भलं झालं म्हणून! मी फोनवर फोटो दाखवला, एक पांढरी बाई डोक्यावर किडा धरून उभी. बाबा खूप दिवसांनी एवढे हसले. मग म्हणाले, आपल्या गुलाबी बोंडअळीचा पुतळा उभारायचा तं यवतमाळच्या चौकात जागा नाही पुरणार.

हे पुस्तक बाबा वर्गात मोठ्यानं वाचायचे, सातवीला, शनिवारी शेवटच्या तासाला. ते गणिताचे गुरुजी, पण हे काम त्यांनी स्वतःहून घेतलेलं. दिवाळीनंतर मात्र वर्ग निम्मा रिकामा, कारण वेचणी सुरू. इथल्या ब्लॅक मुलांच्या शाळाही कापसाच्या हिशोबानंच उघडायच्या आणि बंद व्हायच्या. माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी त्या दिवसांत तिच्या आईबरोबर आमच्याच वावरात असायची. संध्याकाळी आमच्या ओसरीवर काटा लागायचा, बाया ओळीनं गाठोडी घेऊन बसायच्या, सालदार वजन सांगायचा आणि वहीत आकडे मी लिहायचे, अक्षर चांगलं म्हणून. तिच्या नावापुढेही मीच लिहायचे. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, तिच्या नखांच्या कडा कायम रक्ताळलेल्या. पाणी मागितलं तर आई तांब्यातून वरून ओतायची आणि त्या ओंजळीनं प्यायच्या. मी ते बघायचे आणि आकडे लिहायचे. शनिवारी कार्व्हर ऐकताना मला रडू यायचं. माझ्या शेजारची जागा रिकामी असायची.

बाबांनी कापूस वेचलेला मी कधीही बघितलेला नाही.

बाबा जानेवारीत परत गेले. त्या 'येस सर'बद्दल मी त्यांना इथे असताना बोलले नाही, समोरासमोर ते जमलं नसतं. मार्चमध्ये एका रविवारी फोनवर इकडचं तिकडचं झालं आणि मी एकदम सांगून टाकलं, त्या दिवशी ते म्हातारे काय म्हणाले होते ते, आणि त्यांनी काय विचारलं ते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "हात दाखवले ना त्यानं, तवाच समजलं व्हतं काहीतरी." मग थोडं थांबून, "तू काय सांगतलं मंग?" मी म्हणलं, हो म्हणून सांगितलं. "हं," म्हणाले, आणि यंदा फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचं दुसरं पीक, ठेवलीय, वेचायला बाया मिळून नाही राहिल्या, किलोला किती मागतात, असं नेहमीचं सुरू केलं.

चार दिवसांनी त्यांचा एक व्हिडिओ आला, खाली काही लिहिलेलं नाही. पऱ्हाटीची अर्धी वाळलेली ओळ, ऊन, फोन आडवातिडवा हलतोय. फ्रेममध्ये बाबांचा डावा हात येतो, बोंडाला धरतो, कापूस ओढतो, अर्धा हातात येतो आणि अर्धा बोंडातच राहतो. पुन्हा ओढतात. काडी मोडते. मागून बायांचं हसू ऐकू येतं, आणि एक आवाज म्हणतो, "तसं नाही गुरुजी, तीनही बोटं घाला." बाबा तीन बोटं घालतात. तोच आवाज जवळ येतो, "पण हे कोणाले दाखवाचं हाय तुमाले?" आणि तिथेच व्हिडिओ संपतो.